मीटर ऐंशी दाखवतो, नोटीस शहाऐंशी म्हणते

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. बाबांनी घेतलेली गाडी मी चालवतो. तिला आता वीस वर्षं झाली. ऑइल वेळच्या वेळी बदलतो, दर रविवारी स्वतः पुसतो, कुणाच्या हातात देत नाही. इतक्या वर्षांत वेगाचा एकही दंड नव्हता, गेल्या चार महिन्यांत तीन आले. दोन नोटिसा एकाच सरळ रस्त्यावरच्या: मर्यादा ८०, नोंद ८६ आणि ८७. शपथेवर सांगतो, काटा ८० च्या पुढे नव्हता. तिसरी एका उताराच्या पायथ्याची: मर्यादा ५०, नोंद ६३. तिथली पाटी झाडाआड आहे, दिसतच नाही. हे कॅमेरे गल्ला भरायला लावलेत असंच वाटतं. नव्या गाड्या शंभरने बाजूने सुसाट जातात आणि सापडतो मी. आता फोनवर कॅमेऱ्याची सूचना देणारं ॲप घेतलंय. ते बोललं की ब्रेक मारतो, कॅमेरा मागे पडला की पुन्हा वेग पकडतो. ब्रेक हल्ली जरा खोल जातो, पण लागतो. पाच महिन्यांपूर्वी चारही टायर नवे घातले. आधी १७५/६५ आर १४ होते, दुकानदाराने १८५/७० आर १४ बसवले, म्हणाला गाडी उंच दिसेल. तेव्हापासून ॲव्हरेजही पडलंय, म्हणून उतारावर न्यूट्रलमध्ये सोडतो. घरचे म्हणतात विकून टाक. दंड भरू की भांडू? आणि मला एवढंच सांगा, खोटं कोण बोलतंय, मीटर की कॅमेरा?

– बाबांच्या गाडीचा ड्रायव्हर

उत्तर

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. ते वाक्य दंडाचं नाही, कॅमेऱ्याचंही नाही. "ब्रेक हल्ली जरा खोल जातो, पण लागतो." हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला ते पत्राच्या पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत हवं होतं. म्हणून मी सुरुवात तिथूनच करते. नोटिसा टेबलावर दोन दिवस पडून राहिल्या तरी काही बिघडत नाही.

गाडी उभी असताना इंजिन चालू करा आणि ब्रेकच्या पेडलवर नेहमीसारखा जोर देऊन पाय अर्धा मिनिट तसाच ठेवा. पेडल हळूहळू खाली खाली सरकत गेलं, तर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑइलला देणाऱ्या पंपाच्या, आतलं रबर गेलंय किंवा कुठेतरी गळती आहे. अशी गाडी तुम्ही स्वतः चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा किंवा टो करून न्या. पहिल्या दाबाला पेडल खोल गेलं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आलं, तर बहुधा मागच्या ड्रमचे लायनर झिजलेत आणि त्यांची ॲडजस्टमेंट गंजून अडकली आहे. आणि पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल, तर लाइनमध्ये हवा असते किंवा वीस वर्षांचे रबरी होज दाब आला की फुगतात. बाहेरून ते ठणठणीत दिसतात. वाकवून बघा, घडीवर बारीक भेगा दिसल्या तर चारही बदला, एकावर थांबू नका.

मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा. नवं ऑइल मधासारखं पिवळसर, आरपार दिसणारं असतं. तुमच्या टाकीत काळपट, गढूळ काही दिसलं तर ते शेवटचं कधी बदललं हे आठवून बघा. तुम्ही लिहिलंय, "ऑइल वेळच्या वेळी बदलतो". ते इंजिनचं ऑइल. ब्रेकचं ऑइल बदलायचं असतं हेच आपल्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. ते नुसतं टॉप-अप करत राहतात.

मीही तेच करत होते, आणि त्याची किंमत मला एका लांबलचक उतारावर कळली. माझी तेव्हाची गाडी तेरा वर्षांची होती. घरातली तिघं आत, मागे सामान. उतार सुरू होऊन सातेक किलोमीटर झाले असतील. वळणावळणाला ब्रेक दाबत होते. मग एका वळणाआधी पाय दाबला आणि पेडल जमिनीला टेकलं. काहीच झालं नाही. त्या क्षणी पायाखाली जी पोकळी जाणवली ती मला आजही जशीच्या तशी आठवते. भराभर पेडल मारत राहिले, दुसऱ्या गिअरमध्ये आणली, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीच्या बांधाला घासली आणि थांबली. कुणाला खरचटलंही नाही. अर्ध्या-पाऊण तासाने चाकं गार झाली आणि पेडल पुन्हा टणक! जणू काही झालंच नव्हतं.

झालं होतं ते असं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ३ ग्रेडचं ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ३.७ टक्के पाणी मुरलं की त्याच मानकात तो आकडा १४० अंशांवर येतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर ब्रेक सतत दाबले की चाकाजवळच्या कॅलिपरमधलं, म्हणजे ब्रेकची डिस्क पकडणाऱ्या भागातलं, ऑइल तापतं, उकळतं, वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल सगळं खाली जातं आणि चाकाला काहीच पोचत नाही. दर दोन वर्षांनी ते ऑइल पूर्ण काढून नवं भरायचं, एवढंच करायचं असतं. टाकीच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच घ्या, बाटली सीलबंद घ्या. वर्षभर उघडी पडलेली अर्धी बाटली वापरू नका, कारण तिनेही पाणी पिलेलं असतं. आणि चुकूनही त्यात इंजिन ऑइल पडू देऊ नका, आतली सगळी रबरं फुगून निकामी होतात.

आता हे तुमच्या ॲपशी जोडून बघा. ॲप बोललं की तुम्ही खोल जाणाऱ्या पेडलवर जोरात पाय मारता. तुमच्या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नसेल तर ओल्या रस्त्यावर चाकं लॉक होतील आणि स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी सरळच घसरत जाईल. मागच्या माणसाला तर तुम्ही अचानक का थांबताय हे कळायला काहीच मार्ग नाही. त्यात वीस वर्षांच्या गाडीचा एखादा ब्रेक लाइट गेलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो, कारण तो स्वतः कधी गाडीच्या मागे नसतो. आज संध्याकाळी भिंतीला पाठ करून गाडी लावा, ब्रेक दाबा आणि आरशात भिंतीवरचे लाल ठिपके मोजा.

कॅमेऱ्यापाशी ब्रेक आणि पुढे गेल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर, या प्रकाराला वाहतुकीचा अभ्यास करणारे कांगारूची उडी म्हणतात. त्यावरचा उपाय म्हणून सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आले. एका जागी नंबर टिपायचा, काही किलोमीटरवर दुसऱ्या जागी पुन्हा टिपायचा आणि अंतराला वेळेने भागायचं. तिथे ॲप काय करणार? जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये तर गाडी चालवताना असं ॲप वापरणंच बेकायदा आहे. माझं ऐका, ते काढून टाका. कान फोनकडे लावून गाडी चालवणारा माणूस रस्त्यावर नसतोच.

आता तुमचा प्रश्न. मीटर खोटा की कॅमेरा?

दादा, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, टायरच्या आकड्यांमध्ये. १७५/६५ आर १४ या टायरचा व्यास साधारण ५८३ मिलिमीटर होतो. १८५/७० आर १४ चा सुमारे ६१५. म्हणजे चाक जवळजवळ साडेपाच टक्क्यांनी मोठं झालं. मीटरला रस्ता दिसत नाही, त्याला फक्त चाकाचे, म्हणजे गिअरबॉक्सचे फेरे कळतात. फेरे तेवढेच, पण दर फेऱ्याला गाडी आधीपेक्षा साडेपाच टक्के पुढे जाते. मीटर अगदी बरोबर असता तरी काटा ८० वर असताना गाडी ८४ च्या वर धावत होती.

मग वाटेल, इतकी वर्षं मीटर बरोबर होता आणि आता बिघडला. तसंही नाही. गाड्यांचे मीटर मुळातच थोडे पुढे दाखवणारे बनवतात. संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा वाहन नियम जिथे लागू आहे तिथे मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही, जास्त दाखवला तर चालतो, तोही खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर एवढाच. खरा वेग ८० असेल तर काटा ९२ पर्यंत गेला तरी नियमात बसतं. त्यात तुमचे जुने टायर झिजलेले. नव्या टायरला साधारण ८ मिलिमीटर खाच असते, ती १.६ वर आली की चाकाचा घेर दोन टक्क्यांहून जास्त घटतो आणि मीटर आणखी पुढे धावतो. म्हणजे आधी काट्यावरच्या ८० ला तुम्ही खरे ७४-७५ नेच जात असाल. त्या सवलतीवर तुमची इतकी वर्षं निर्धास्त गेली. नवे मोठे टायर आले, सवलत गेली, वर थोडं कर्जही चढलं. तुमच्या पायाला मात्र तीच जुनी सवय.

ॲव्हरेजचंही हेच आहे. किलोमीटर मोजणारा आकडाही त्याच फेऱ्यांवर चालतो. तुम्ही १०० किलोमीटर गेलात की तो आता ९५ च्या आसपासच मोजतो. पेट्रोल मात्र १०० किलोमीटरचं जळतं. जड टायरने थोडंफार कमी झालंही असेल, पण पडलेल्या ॲव्हरेजचा मोठा हिस्सा मोजणीचाच आहे. आणि हो, सर्व्हिसची किलोमीटरंही तुम्ही उशिराच गाठता आहात.

नोटिशीत ८६-८७ आहे आणि मीटर मुळात अगदी बरोबर धरला तरी टायरचा हिशोब ८४ वर थांबतो. उरलेले निदान दोन-तीन किलोमीटर कुठून आले? तुमच्या गाडीत केबलवर चालणारा काट्याचा मीटर असेल तर त्याच्या पोटात एक फिरणारं चुंबक, त्यावर झाकलेली ॲल्युमिनियमची वाटी आणि वाटीला धरून ठेवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग असते. जर्मनीत ओट्टो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेली ही कल्पना शंभर वर्षं गाड्यांमध्ये टिकली. चुंबक फिरलं की वाटी ओढली जाते, स्प्रिंग तिला अडवते, आणि दोघांच्या ओढाताणीत काटा जिथे ठरतो तो तुमचा वेग. चुंबक जुनं होऊन क्षीण झालं की ओढ कमी पडते आणि काटा मागे राहतो. स्प्रिंग सैल झाली तर उलट, काटा पुढे पळतो. सकाळी गाडी गार असताना काटा थरथरतो का? टकटक असा आवाज येतो का? आला तर केबल कोरडी पडली आहे, ती काढून पुसून ग्रीस करून घ्या. सेन्सरवर चालणारा मीटर असेल तर हे काही लागू नाही, पण टायरचा हिशोब तोच राहतो.

यातला शब्दही माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका, मोजून बघा. दर किलोमीटरला दगड असलेला सरळ, सपाट, मोकळा रस्ता निवडा. शेजारी कुणाला तरी घड्याळ घेऊन बसवा, तुम्ही फक्त चालवा. काटा ८० वर स्थिर धरा आणि पाच किलोमीटरला किती वेळ लागतो ते त्यांना लिहायला सांगा. खरे ८० असतील तर ३ मिनिटं ४५ सेकंद लागतील. ३ मिनिटं ३० सेकंदांतच पाचवा दगड आला, तर तुम्ही जवळजवळ ८६ ने चाललाय. येताना उलट्या बाजूनेही मोजा, म्हणजे एखाद्या दगडाचं अंतर चुकलं असेल तर कळेल. फोनच्या जीपीएसवरही बघता येतं, पण वेग बदलत असताना तो आकडा मागे रेंगाळतो. आठ-दहा सेकंद एकाच वेगाने गेल्यावरचा आकडा धरा, आणि तोही शेजारच्यानेच वाचायचा.

हे मोजून माझ्या हिशोबासारखं निघालं, तर पहिले दोन दंड भरून टाका. तुम्ही खोटं बोलत नव्हता हे मला पूर्ण पटलंय. काटा ८० वरच होता. पण मशीनसमोर तुमचा काटा साक्षीला उभा राहत नाही. आणि टायर परत मूळ मापाचे घाला, निदान व्यासात एक-दोन टक्क्यांहून जास्त फरक नसलेले. उंच दिसण्यापायी मीटर, ब्रेकचा जोर आणि गिअरचं गणित अशा तिन्ही गोष्टी बिघडतात. मोठं चाक थांबवायला त्याच जुन्या ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो, आणि तुमचा ब्रेक आधीच खोल जातोय. घेताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षं गोदामात पडलेला "नवा" टायर वरून कोरा दिसतो, पण त्याचं रबर कडक होऊन पावसात पकड सोडतं.

तिसरी नोटीस वेगळी आहे. तिच्यात मला दोन गोष्टी दिसतात, एक तुमची आणि एक रस्त्याची.

तुमची आधी सांगते. उतारावर न्यूट्रल बंद करा, आजपासून. वीस वर्षांपूर्वीची पेट्रोल गाडी म्हणजे बहुधा इंजेक्शनचीच. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर तिचं पेट्रोल जवळजवळ पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये टाकलं की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचवायला गेलात आणि उलट जाळलंत. शिवाय इंजिनची अडवणूक गेली, गाडी मोकळी धावली, आणि सगळा भार त्या बिचाऱ्या ब्रेकवर आला. काही न करता ५० चे ६३ होतात ते असे. उतार सुरू होण्याआधीच खालच्या गिअरमध्ये या. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, असं माझे वडील सांगायचे. गॅरेजमध्ये उभ्या आयुष्यात त्यांनी जळालेले जितके लायनर काढले, त्यावरून ते सांगायचे.

आता रस्त्याची बाजू. पाटी खरोखर झाडाआड असेल तर ही तक्रार रास्त आहे आणि ती तुम्ही केलीच पाहिजे. त्या जागी जा, गाडी सुरक्षित जागी लावून पायी जा. ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवरून, शंभर मीटर, पन्नास मीटर आणि वीस मीटर अंतरावरून फोटो काढा. तारीख-वेळ फोटोत येऊ द्या. पाटीपासून कॅमेऱ्यापर्यंत किती अंतर आहे ते पावलांनी मोजा. मग नोटीस नीट वाचा: गाडीचा नंबर तुमचाच आहे ना, फोटोतली गाडी तुमची आहे ना, दिशा बरोबर आहे ना, त्या जागेची मर्यादा जी लिहिली आहे तीच तिथे आहे ना. फोटोत दोन गाड्या शेजारी शेजारी असतील तर रडारने नेमकी कुणाची मोजली हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ते उपकरण शेवटचं कधी तपासलं त्याचं प्रमाणपत्र मागा. आणि हे सगळं नोटिशीवर दिलेल्या मुदतीच्या आत, लेखी. फोनवर भांडून काही हाती लागत नाही. एक मात्र लिहू नका, की "रडारने तिरका मोजला म्हणून वेग जास्त आला". हातातल्या रडारने तिरक्या कोनातून मोजलं तर वेग खऱ्यापेक्षा कमीच येतो, चूक तुमच्याच फायद्याची असते.

दंड माफ झाला नाही तरी पाटीबद्दलचं वेगळं पत्र रस्त्याची देखभाल करणाऱ्या खात्याला पाठवाच. फांदी तोडली गेली तर तुमच्यानंतर येणाऱ्या माणसाला ती पाटी वेळेत दिसेल.

गल्ला भरायला कॅमेरे लावलेत, हे तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मर्यादा ८० वरून एकदम ५० वर आणायची, मध्ये सूचना द्यायची नाही आणि उताराच्या पायथ्याशी कॅमेरा ठेवायचा, असं जिथे होतं तिथे लोकांचा राग खरा आहे. तो राग व्यवस्थेच्याच मुळावर येतो, कारण मग माणूस शाळेसमोरच्या पाटीवरही विश्वास ठेवत नाही. पण कॅमेरा या वस्तूवरच राग धरू नका. आज जगभर दिसणाऱ्या वेग-कॅमेऱ्यांमागे मॉरिस गॅट्सोनिडेस नावाचा एक डच रॅली ड्रायव्हर आहे. १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेला. त्याने वेग मोजायचं यंत्र बनवलं ते स्वतःसाठी, वळणावर आपण नेमके किती वेगाने जातो आणि कुठे वेळ घालवतो हे कळावं म्हणून. त्याला आपल्या अंदाजापेक्षा आकडा हवा होता. तुम्हालाही तोच हवाय.

आणि ५० च्या जागी ६० ने काय मोठं बिघडतं, असं तुमच्या मनात असेल तर हा हिशोब करा. ५० ने जाताना सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जातो. समोर मूल आलं. ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. मग चांगल्या ब्रेकवर, कोरड्या रस्त्यावर आणखी १४ मीटर. एकूण साधारण २८ मीटरवर गाडी थांबते. तीच गाडी ६० ने असेल तर पहिल्या सेकंदातच जवळपास १७ मीटर जातात, आणि पहिली गाडी जिथे थांबली होती त्या २८ मीटरच्या रेषेवर दुसरी अजून ताशी ४० किलोमीटरने धावत असते. दहाचा फरक तिथे चाळीसचा होतो. हा हिशोब चांगल्या ब्रेकचा आहे. पाटीवरचा ५० चा आकडा तुमचा ब्रेक खोल जातो हे धरून लिहिलेला नाही. ब्रेकचं काम होईपर्यंत तुमच्या गाडीची मर्यादा पाटीपेक्षाही खाली आहे, आणि ती मर्यादा मोजायला कुठला कॅमेरा येणार नाही.

बाजूने शंभरने जाणाऱ्यांबद्दल तुम्हाला वाईट वाटतं ते मला समजतं. त्यांच्यातले कितीजण सापडतात ते तुम्हाला दिसत नाही, नोटीस ज्याच्या त्याच्या घरी जाते. मागचा हॉर्न वाजवत असेल तर डाव्या लेनमध्ये या आणि त्याला जाऊ द्या.

आता विकायचं का? घरच्यांना काळजी आहे, आणि तिला नुसतं "बाबांची आठवण" हे उत्तर पुरेसं नाही. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने चासीच्या पट्ट्या, सस्पेन्शन जिथे बोल्टने धरलंय त्या जागा आणि दारांखालच्या पेट्या ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर गाडी पुन्हा धडधाकट करता येईल. भुसभुशीत आवाज आला, पत्रा आत गेला, तर मात्र घरच्यांचं ऐका. ब्रेक, होज, शॉकॲब्सॉर्बर, बॉल जॉइंट, सगळं बदलता येतं. गाडीचा सांगाडा सडला की अपघातात तो माणसाला धरून ठेवत नाही. टायमिंग बेल्टची तारीख माहीत नसेल तर तो बदलूनच घ्या, कूलंट आणि वायपरही बघून टाका. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या, रात्री किती फरक पडतो ते कळेल. आणि एक वही करा. काय, कधी, किती किलोमीटरला. किलोमीटरच्या आकड्यापुढे टायर कधी बदलले तेही लिहा, नाहीतर तो आकडाही फसवेल.

क्रम मात्र असाच ठेवा: उद्या ब्रेक. ब्रेक झाल्याशिवाय दगडांची मोजणी करायला बाहेर पडू नका. मग मोठ्या टायरवरच एकदा मोजा, मूळ मापाचे घालून पुन्हा मोजा. दोन्ही वेळचे सेकंद एका कागदावर लिहून मला पाठवा. सोबत त्या पाटीचे फोटोही पाठवा, मुदत संपायच्या आत आपण तिसऱ्या नोटिशीचं उत्तर मिळून लिहू.

तुमची ताई